समुद्रपक्ष्यांच्या हाडांवरून वय कसं ओळखायचं: खान्देशात बसून शिकणाऱ्यांसाठी

पुरातत्त्वात प्राण्यांच्या हाडांवर काम करायचं ठरवलं की सुरुवात गाय-बैल आणि शेळी-मेंढीपासून होते. तिथे वय काढायला भक्कम आधार असतो. दात असतात, दातांची झीज असते, लांब हाडांची टोकं कोणत्या वयात मधल्या दांड्याला जुळतात याचे तयार तक्ते असतात. मग एक दिवस पक्ष्यांच्या हाडांची पिशवी पुढ्यात येते आणि यातलं काहीच कामाला येत नाही. पक्ष्याला दात नाहीत. जुळायला टोकांचे वेगळे तुकडेही जवळपास नाहीत. नवखा माणूस इथे हमखास अडतो आणि आकार बघून 'लहान' किंवा 'मोठा' असं लिहून मोकळा होतो. तसं लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा.

'पण आपल्याकडे समुद्र कुठाय?' असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. तापी, गिरणा, पांझरेच्या काठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, गॅनेट किंवा पफिनसारखा समुद्रपक्षी निघायचा नाही. तरी शिकायला समुद्रपक्षी उत्तम. उत्तर अटलांटिकमधल्या बेटांवरची माणसं शेकडो वर्षं या पक्ष्यांवर जगली, त्यामुळे तिथल्या उकिरड्यांत हाडांचे ढीग आहेत. शिवाय हे पक्षी वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच जमिनीवर येऊन अंडी घालतात, म्हणून पिल्लाचं वय कळलं की माणूस तिथे कोणत्या हंगामात होता तेही कळतं. ही पद्धत हातात बसली की उद्या इथल्या एखाद्या थरातून तित्तिर, मोर किंवा पाणकावळ्याचं हाड आलं तरी तुम्ही गडबडणार नाही. सरावाला लागणारा माल तर खान्देशात ढिगाने आहे. त्याचं पुढे सांगतो.

१. आधी अपेक्षा ठरवा: वर्षं सांगता येत नाहीत, टप्पा सांगता येतो

पक्षी फार झपाट्याने वाढतो. बहुतेक पक्ष्यांचा सांगाडा पहिल्या वर्षातच पूर्ण होतो आणि मग वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरची 'विस्डम' नावाची लेसन अल्बट्रॉस मादी घ्या. १९५६ साली पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी तिच्या पायात ओळखीची कडी घातली तेव्हाच ती अंडी घालणारी मादी होती. २०२४ मध्येही तिने अंडं घातलं, म्हणजे वय सत्तरीच्या पुढे. आता तिचं मांडीचं हाड आणि तिच्याच जातीच्या तीन वर्षांच्या पक्ष्याचं मांडीचं हाड शेजारी ठेवलं, तर भिंगाखाली दोन्हींवर एकच शेरा पडेल: प्रौढ.

म्हणून चार टप्पे पक्के करा आणि त्याबाहेर जाऊ नका.

- नुकतंच फुटलेलं पिल्लू: हाडाला धड आकार नाही, टोकं जवळपास नाहीतच, नुसती दांडी.
- वाढतं पिल्लू: आकार कळतो, लांबी बरीच आलेली असते, पण टोकं सच्छिद्र आणि गुळगुळीत कडांविना.
- उडायच्या बेतातलं किंवा नुकतंच उडालेलं: टोकं तयार, पण त्यांच्यालगत बारीक छिद्रांचा पट्टा राहिलेला, जोडहाडांचे (अनेक हाडं जुळून बनलेल्या हाडांचे) सांधे अजून दिसणारे.
- प्रौढ: सगळं बुजलेलं, पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या सीमेवर भांडणं होतात. होऊ द्या. दोघांनी एकमेकांचं न बघता तीच हाडं तपासायची आणि मग टिपणं जुळवायची, हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे.

२. कागदपत्रं आणि सामान

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळून पुढे गेलात तर काम तिथेच थांबेल.

- उत्खननातली हाडं तपासायची असतील तर उत्खनन संचालकांचं लेखी पत्र. विद्यापीठातून आलात तर विभागप्रमुखांचं पत्रही.
- हाडाचा तुकडा कापायचा किंवा रासायनिक तपासणीला द्यायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी. 'बघायला दिलंय' म्हणजे 'कापायला दिलंय' असं नव्हे.
- जंगली पक्ष्याचा सांगाडा तुलनेसाठी हवा असेल तर वन विभागाची परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि मेलेल्या पक्ष्यालाही तो लागू होतो. शेतात मेलेला मोर दिसला म्हणून उचलून आणायचा नाही.
- पांढरीच्या टेकाडावर पावसानंतर हाडं, खापरं उघडी पडतात. ती वेचायची नाहीत. जागा, फोटो, तारीख टिपा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. थरातून सुटलेल्या हाडाची किंमत निम्म्याहून कमी होते.

सामान मात्र साधंच लागतं. दहा पट दाखवणारं हातभिंग, डिजिटल कॅलिपर, तिरपा प्रकाश टाकायला छोटी टॉर्च, मऊ टूथब्रश, दोन मिलिमीटर जाळीची चाळणी, झिपच्या पिशव्या, पेन्सिल आणि वही. पेन्सिलच, कारण मे महिन्यात धुळ्याच्या खोलीत घामाने शाईचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मोबाइलला मॅक्रो लेन्स असेल तर चांगलंच, पण भिंगाऐवजी फोन वापरू नका. फोनचा कॅमेरा फोटो आपोआप गुळगुळीत करतो आणि नेमकी छिद्रंच पुसून टाकतो.

३. वय माहीत असलेली हाडं जमवा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तो टाळणारेच जास्त. पुस्तकातल्या चित्रावरून 'सच्छिद्र' म्हणजे काय हे कळत नाही. बोटांना कळावं लागतं.

नवापूर तालुका कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध आहे. तिथे किंवा जवळच्या कोणत्याही पोल्ट्रीत दोन प्रकारचे पक्षी मिळतात आणि दोन्हींचं वय नोंदवहीत लिहिलेलं असतं. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापला जातो. अंड्यावरची कोंबडी अठरा-वीस आठवड्यांपासून अंडी द्यायला लागते आणि साधारण सव्वा-दीड वर्षाची झाली की काढून टाकतात. मध्ये कुठेतरी बसणारी तलंग आणि गावरान कोंबडा गावातून मिळेल. मात्र त्याचं वय मालकाला नीट विचारून घ्या आणि 'असेल सात-आठ महिन्यांचा' असं उत्तर आलं तर वहीतही तसंच लिहा, सात नको आणि आठही नको.

ब्रॉयलरचा लेगपीस हाच तुमचा पहिला धडा. त्यातलं लांब हाड म्हणजे टिबिओटार्सस. शिजल्यावर वरच्या टोकाची पांढरी कुरकुरीत टोपी आपोआप निघते, मुलं ती आवडीने चावतात. ती टोपी कूर्चेची आहे, हाडाची नाही. ती जमिनीत टिकत नाही. म्हणजे हजार वर्षांनी पुरातत्त्वज्ञाच्या हातात येईल तो टोपी गेलेला, टोकाला रव्यासारखा खरखरीत दिसणारा दांडा. त्याच्या शेजारी दीड वर्षाच्या अंड्यावरच्या कोंबडीचं तेच हाड ठेवा. टोक घडीव, कडा स्पष्ट, पृष्ठभाग चकचकीत. आता दोन्हींची लांबी मोजा. ब्रॉयलरचं हाड फार लहान निघत नाही आणि जाडीला तर ते भारीच भरतं. वजनाने तो पक्षी मोठा, वयाने जेमतेम दीड महिन्याचा.

समुद्रपक्ष्यांत हाच घोळ मोठ्या प्रमाणावर होतो. गॅनेटचं पिल्लू घरट्यातून निघायच्या आधी आईबापांपेक्षा जड असतं. आकारावर भरवसा ठेवून प्रौढ म्हणालात तर सगळा हंगामच चुकेल.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला मोठा उद्रेक २००६ मध्ये नवापूरलाच झाला होता आणि २०२१ मध्ये तिथे पुन्हा साथ आली. आपोआप मेलेली कोंबडी, बगळा, कावळा, काहीही सरावासाठी उचलू नका. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन विभागाला कळवा. सरावाला दुकानात कापलेला निरोगी पक्षीच पुरतो.

४. हाडं साफ करणं

मंद आचेवर उकळा, मांस सुटलं की काढून घ्या, उरलेलं कोमट पाण्यात झाकून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुजण्याचं काम फार लवकर होतं, वासाची मात्र घरच्यांना आधी कल्पना द्या. प्रेशर कुकर वापरू नका, कोवळ्या हाडाची टोकं त्यात विरघळल्यागत होतात. ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको, ती पृष्ठभाग खाते आणि मग प्रौढ हाडही पिल्लाचं दिसायला लागतं. वाळवायचं सावलीत. छतावर ४४ अंशांत ठेवलेलं हाड तडकतं आणि ते तडे नंतर तुम्हालाच फसवतात.

प्रत्येक पक्ष्याची पिशवी वेगळी. आत चिठ्ठी, बाहेर चिठ्ठी.

५. कोणतं हाड, कोणता पक्षी

वयाकडे जायच्या आधी हाड कोणतं आणि पक्षी कोणता हे ठरवावंच लागतं, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाचं हाड आणि लहान जातीच्या प्रौढाचं हाड लांबीला सारखं असू शकतं. समुद्रपक्ष्यांत कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांच्या जाती एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत की पिल्लाच्या हाडावरून जात सांगणं बहुतेक वेळा धाडसच ठरतं. 'मध्यम आकाराचा कुरव' एवढं लिहून थांबणं हा अपुरेपणा नाही.

तुलनेचा मोठा संग्रह लागेल तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजची प्राणिपुरातत्त्वाची प्रयोगशाळा आहे. जाण्याआधी पत्र पाठवा, वेळ घ्या आणि सोबत स्वतःची यादी न्या. 'ही हाडं बघून द्या' म्हणून पिशवी पुढे करू नका, कुणालाच ते आवडत नाही.

६. टोक वाचा, मग पृष्ठभाग

आता खरं काम. हाड डाव्या हातात, टॉर्च उजव्या हातात, प्रकाश जवळपास आडवा. सरळ वरून प्रकाश टाकला तर छिद्रं दिसतच नाहीत. संध्याकाळच्या उन्हात शेतातली ढेकळं कशी उठून दिसतात, तसा तिरप्या प्रकाशात हाडाचा पृष्ठभाग उठतो.

आधी टोक. सांध्याचा भाग पूर्ण आहे का? कडा धारदार आहेत का? की टोक बोथट, गोलसर आणि खवल्यासारखं आहे? पिल्लाच्या हाडात टोकाचा बराच भाग कूर्चेचा असतो. तो गेल्यावर जे उरतं त्याला सांध्याचा आकार असतो खरा, पण चेहरा नसतो. अर्धा घडवलेला गणपती बघितला असेल तर मी काय म्हणतो ते कळेल.

मग टोकापासून मध्याकडे भिंग सरकवत न्या. वाढत्या हाडात रक्तवाहिन्यांसाठी बारीक छिद्रं आणि लांबट खाचा असतात. त्या टोकाजवळ दाट आणि मध्याकडे विरळ होत जातात. वय वाढतं तसा हा पट्टा आखडत टोकाकडे सरकतो आणि शेवटी नाहीसा होतो. म्हणून नुसतं 'सच्छिद्र आहे' असं लिहू नका. टोकापासून किती मिलिमीटरपर्यंत सच्छिद्र आहे ते कॅलिपरने मोजून लिहा. उद्या दुसऱ्या कुणाला तुमचं टिपण वापरायचं असेल तर हाच आकडा त्याच्या कामाचा.

कोणती हाडं आधी बघावीत? टिबिओटार्सस, टार्सोमेटाटार्सस म्हणजे पंजाच्या वरचा खवल्यांचा पाय, ह्युमरस म्हणजे पंखाचं वरचं हाड आणि खांद्यापासून छातीपर्यंत जाणारं कोराकॉइड. ही दणकट असतात, जमिनीत टिकतात आणि बोलतातही. छातीच्या हाडाचा उभा पडदा फार उशिरा पूर्ण हाडाचा होतो, त्यामुळे तो माहिती भरपूर देतो, पण तो अखंड मिळणं म्हणजे नशीब. फासळ्या आणि बोटांची हाडं वयासाठी सोडून द्या.

७. जोडहाडं: इथे थोडी खात्री मिळते

पक्ष्याची काही हाडं मुळात अनेक हाडं जुळून बनतात. पायातला टार्सोमेटाटार्सस हे सगळ्यांत सोपं उदाहरण. पिल्लात तिथे तीन लांब दांड्या शेजारी शेजारी असतात आणि वर एक छोटी टोपी, तीही सुटी. पक्षी वाढतो तशा तिन्ही दांड्या एकजीव होतात, टोपी वरून बसते, शेवटी फक्त खाचा आणि दोन-चार भोकं उरतात. टिबिओटार्ससच्या खालच्या टोकाला घोट्याची हाडं अशीच चिकटतात. पंखाच्या टोकाकडचं कार्पोमेटाकार्पस आणि कमरेकडचं सिनसॅक्रम हीही त्याच जातीची जोडहाडं.

तपासायचं एवढंच: रेघ दिसते का? उघडी फट, दिसणारी रेघ, बुजलेली रेघ, असे तीन रकाने करा. फट उघडी असेल तर पिल्लू, यात वाद नाही. रेघ दिसत असेल तर वाढ संपत आलेली. बुजली असेल तर प्रौढ, पण किती वर्षांचा ते विचारू नका.

कोंबड्याच्या टार्सोमेटाटार्ससवर येणारी आर, म्हणजे पायामागचा टोकदार काटा, हीसुद्धा वयाची खूण आहे, वयानुसार ती लांब होत जाते. समुद्रपक्ष्यांना ती नसते, पण इथल्या कोंबडी, मोर, तित्तिराच्या हाडांत भेटेल म्हणून सांगितलं. आर नाही म्हणजे मादी, असं मात्र धरायचं नाही. तरुण नरालाही ती नसते आणि म्हाताऱ्या कोंबडीला कधी कधी असते.

८. पाय आधी की पंख आधी

नवख्यांना हा मुद्दा उशिरा कळतो आणि तोवर तक्ता भरून झालेला असतो. एकाच पिल्लाची सगळी हाडं एका वेळी पक्व होत नाहीत. कुरवाचं पिल्लू थोड्याच दिवसांत घरट्याभोवती चालायला लागतं, उडायला मात्र बरेच आठवडे घेतं. त्यामुळे त्याच्या पायाची हाडं जवळपास मोठ्यांसारखी दिसत असताना पंखाची हाडं आखूड आणि सच्छिद्रच असतात.

याचा परिणाम बघा. समजा एका थरातून पायाचीच हाडं जास्त आली आणि दुसऱ्यातून पंखाची. दोन्ही थरांत अगदी त्याच वयाची पिल्लं मारली गेली असली, तरी पहिल्या थरात 'बहुतेक मोठे' आणि दुसऱ्यात 'बहुतेक पिल्लं' असं उत्तर येईल. यावर इलाज एकच. थरांची तुलना करताना हाडही तेच धरा: ह्युमरसची ह्युमरसशी, टिबिओटार्ससची टिबिओटार्ससशी.

जातीचा स्वभावही माहीत हवा. गिलेमॉट नावाच्या पक्ष्याचं पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असताना, पंख नीट फुटायच्या आधीच, कड्यावरून खाली उडी मारतं आणि बापासोबत समुद्रात निघून जातं. म्हणून अर्धवट वाढलेली गिलेमॉट पिल्लं उकिरड्यात कमी दिसली, तर लोक ती मारत नव्हते असा अर्थ लगेच काढू नका. ती मुळात जमिनीवर असतातच थोडे दिवस. पफिनचं पिल्लू बिळात साधारण सहा आठवडे, मँक्स शिअरवॉटरचं सुमारे सत्तर दिवस, गॅनेटचं घरट्यात सुमारे नव्वद दिवस, तर वांडरिंग अल्बट्रॉसचं जवळपास नऊ महिने. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

९. हाडाच्या पोकळीत डोकावा

अंड्यावरच्या कोंबडीचं मांडीचं हाड मधोमध मोडा. पोकळीत दाणेदार, पांढुरका भरणा दिसेल. अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम मादी अंडी द्यायच्या थोडं आधी असं साठवून ठेवते. याला मेड्युलरी बोन म्हणतात. ब्रॉयलरच्या हाडात तो नाही, कोंबड्याच्या हाडात नाही. जंगली मादीत तो अंडी घालण्याच्या काळातच असतो आणि मग जातो.

म्हणजे समुद्रपक्ष्याच्या हाडात तो भरणा दिसला तर एका फटक्यात तीन गोष्टी मिळाल्या: मादी, वयात आलेली, आणि मारली गेली ती अंडी घालायच्या दिवसांत. पक्ष्याच्या हाडातून एवढं नेमकं उत्तर दुसरीकडे कुठेच मिळत नाही. पाळीव कोंबडी मात्र वर्षभर अंडी देते, तिथे हंगामाचा निष्कर्ष काढू नका. आणि एक रोग असा आहे की त्यात हाड जाड होऊन पोकळी भरून येते. बाहेरून हाड फुगलेलं, वेडंवाकडं दिसलं तर आधी रोगाचा संशय घ्या.

हा भरणा बघायला चांगलं हाड मोडायचं नाही. आधीच मोडलेली हाडं निवडा किंवा एक्स-रे काढून घ्या.

कॅल्शियमवरून आठवलं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं आणि त्यांचे मणी मिळाले होते, एका तुकड्यावर तर नक्षी कोरलेली होती. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशातला पक्ष्यांचा सगळ्यांत नामवंत पुरावा हाड नसून कवच आहे. कवचातूनही वयाचा एक धागा मिळतो. आतला गर्भ वाढताना कवचाच्या आतल्या बाजूचं कॅल्शियम खातो, तिथे सूक्ष्म खड्डे पडतात. त्यावरून अंडं ताजं फोडलं की पिल्लू आत बरंच वाढलं होतं हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतं. कवचाचे तुकडे चाळणीतून फेकून देणारे लोक मी बघितले आहेत, म्हणून हे विषयांतर.

१०. वयावरून हंगाम, हंगामावरून माणूस

स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचा बेटसमूह आहे. तिथले लोक गॅनेट, फुलमार आणि पफिन खाऊन जगत. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटच्या रहिवाशांनी बेट सोडलं. स्कॉटलंडच्याच लुइस बेटावरच्या नेस भागातले लोक आजही उन्हाळ्याच्या शेवटी सुला स्गेर या खडकावर जाऊन गॅनेटची वाढलेली पिल्लं पकडतात, त्यासाठी परवाना लागतो. अशा शिकारीतून राहणारी हाडं बहुतांशी तिसऱ्या टप्प्यातली असणार: आकार मोठ्याचा, टोकांजवळ बारीक छिद्रं. उलट ढिगात फक्त प्रौढ हाडं असतील आणि काहींत मेड्युलरी भरणा असेल, तर माणसं वसंतात, अंडी असतानाच तिथे पोचली होती असं म्हणता येईल.

मात्र 'प्रौढच आहेत, म्हणजे वसंत' असं सरळ गणित नाही. पक्षी समुद्रावरही पकडता येतात, वादळाने किनाऱ्यावर येऊन पडतात. प्रौढ हाडं हंगामाबद्दल जवळपास गप्प असतात. बोलतात ती पिल्लांची हाडं.

११. फसवणारी हाडं

झिजलेलं हाड आणि कोवळं हाड यांत गल्लत होते. उन्हापावसात पडून राहिलेल्या हाडाचा पृष्ठभाग सोलवटतो आणि सच्छिद्र भासतो. फरक असा की झीज बहुधा एकाच बाजूला जास्त असते, तर वाढीची छिद्रं टोकाभोवती सगळीकडून सारखी. कुत्र्याने किंवा घुबडाने गिळलेल्या हाडाची टोकं पातळ आणि गोलसर झालेली असतात. तीही पिल्लासारखी दिसतात, पण कडा कशा वितळल्यासारख्या असतात ते एकदा बघितलं की विसरत नाही.

दुसरा सापळा बिळांचा. पफिन आणि शिअरवॉटर जमिनीत बिळं करून राहतात आणि त्यांना जुन्या वस्तीची भुसभुशीत माती आवडते. पिल्लू बिळातच मेलं तर त्याची हाडं शेकडो वर्षं जुन्या थरात जाऊन बसतात. सगळा सांगाडा एकत्र, जागच्या जागी, कापल्याची किंवा जळाल्याची एकही खूण नाही, असं दिसलं तर ते जेवणातलं उष्टं नव्हे. आपल्याकडे हेच काम उंदीर-घुशी करतात आणि त्यांच्या जोडीला काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, वरचं बारीक हाड खाली जातं, पावसात भेग मिटते आणि हाड चुकीच्या थरात कैद होतं. काळ्या मातीतल्या एकट्या, बारीक हाडावर कधीच मोठा निष्कर्ष उभा करू नका.

तिसरा सापळा चाळणीचा. मोठ्या जाळीतून पिल्लांची हाडं निघून जातात आणि अहवालात 'पिल्लं आढळली नाहीत' असं येतं. जाळी किती मिलिमीटरची होती ते विचारल्याशिवाय कुणाच्याही आकड्यांशी आपले आकडे ताडू नका.

१२. मोजायचं कसं आणि लिहायचं कसं

टक्केवारी काढताना भागायचं कशाने, इथे बरेच जण घसरतात. समजा टिबिओटार्ससचे चाळीस तुकडे आले. त्यातल्या चौदांनाच खालचं टोक शिल्लक आहे आणि पाच कोवळे आहेत. तर प्रमाण चौदांत पाच. चाळिसांत पाच नव्हे, कारण टोक नसलेल्या सव्वीस तुकड्यांनी वयाबद्दल काही सांगितलेलंच नाही. हे सव्वीस 'प्रौढ' रकान्यात टाकायचा मोह होतो, टाकू नका. त्यांचा रकाना वेगळा: 'वय सांगता येत नाही'.

हाडाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पद्धतही आहे. वाढ संपली की हाडाच्या बाहेरच्या कडेला एक घट्ट थर येतो, तो दिसला तर प्रौढत्वाची खात्री होते. झाडासारखी वर्षागणिक वलयं मिळतील ही आशा बाळगू नका. न्यूझीलंडचा नामशेष मोआ हा अपवाद, तो बरीच वर्षं सावकाश वाढायचा म्हणून त्याच्या हाडात वाढीच्या रेघा सापडतात. वर्षाच्या आत वाढून मोकळ्या होणाऱ्या समुद्रपक्ष्यांत ती सोय नाही. शिवाय काप म्हणजे हाडाचं नुकसान, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं या वाटेला न गेलेलंच बरं.

प्रत्येक हाडामागे वहीत एवढं असू द्या: थर आणि पिशवी क्रमांक, हाड, डावं की उजवं, पक्षी (खात्रीने की अंदाजे), कोणतं टोक शिल्लक, छिद्रांचा पट्टा किती मिलिमीटर, जोडाची रेघ कशी, पोकळीत भरणा आहे की नाही की बघता आलं नाही, झीज, जळाल्याच्या-कापल्याच्या खुणा, आणि सगळ्यांत शेवटी टप्पा. टप्पा शेवटी लिहायचा. आधी लिहिला तर डोळे त्याला पटेल तेच बघतात.

अहवालातलं वाक्य साधारण असं असावं: 'उजवा टार्सोमेटाटार्सस, पाणकावळा (अंदाजे), वरचं टोक शिल्लक, जोडाची रेघ दिसते, टोकापासून सहा मिलिमीटरपर्यंत बारीक छिद्रं, झीज नाही, उडायच्या बेतातलं किंवा नुकतंच उडालेलं.' सोबत फोटो, फोटोत मोजपट्टी, आणि प्रकाश कोणत्या बाजूने टाकला होता त्याची नोंद.